पंपाले किती टाकू जी?

भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव बाहेरच्यांना माहीत आहे ते कोशाच्या कापडासाठी. गावाभोवती मात्र धानाच्या बांध्याच बांध्या. रोवणी आटोपली, धान फुटव्यावर आला, की या पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी केंद्राच्या काउंटरपाशी उभे राहा. दिवसभर एकच सवाल कानावर येतो : ‘पंपाले किती टाकू जी?’ जवाबही ठरलेला. एक झाकण, दीड झाकण, लई झालं तर दोन. औषध पिशवीत पडतं, गिऱ्हाईक वाटेला लागतं.

एकराला असे पंप किती मारणार, हे काउंटरच्या अलीकडचा सांगत नाही आणि पलीकडचा विचारत नाही. डब्यावरचा कागद एकराच्या आणि हेक्टरच्या हिशेबात बोलतो, माणूस पंपाच्या. या दोघांचा मेळ घालण्याचं काम म्हणजे फवारणी पंपाचं कॅलिब्रेशन. नाव भारदस्त असलं तरी लागतं काय? मिलिलिटरच्या खुणांचा एक मग, एक टेप, मोबाईलमधलं घड्याळ आणि साधं पाणी. औषधाचा थेंबही लागत नाही. आणि या मोजमापाच्या मागेपुढे ज्या गमती दडल्यात, त्यांत क्रिकेट आहे, द्राक्षचोर आहेत, बाळाची दुधाची बाटलीसुद्धा आहे.

एकच डबा, दोन भाऊ

समजा, दोघे भाऊ. औषध एकच, पंपही सारखाच, १६ लिटरचा. नोझलमधून मिनिटाला ९०० मिली पाणी पडतं आणि नळी हलवत चालताना साधारण एक मीटर रुंद पट्टा भिजतो. डब्यावर लिहिलंय : एकरी २०० मिली औषध, २०० लिटर पाण्यात. दुकानदारानं बरोबर हिशेब करून सांगितलं, पंपाला १६ मिली.

थोरला सावकाश चालतो, ताशी दीड किलोमीटर. त्याचं एकरी १४६ लिटर पाणी पडतं, म्हणजे नऊ पंप, म्हणजे १४६ मिली औषध. धाकटा झपाझप, ताशी तीन. त्याचा साडेचार पंपांतच एकर उरकतो आणि बांधीवर पडतं जेमतेम ७३ मिली. सांगितलं होतं २००. कोणी लबाडी केली नाही, झाकण दोघांनीही काठोकाठ भरलं. तरी थोरल्याची मात्रा पाऊण आणि धाकट्याची तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर. मग चार दिवसांनी धाकटा दुकानात येऊन म्हणतो, ‘औषधात दम नाही जी.’ दम औषधात होता, त्याच्या पायांत जरा जास्तच होता.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी सूत्र : मिनिटाला पडणारे लिटर गुणिले ६००, भागिले (ताशी किलोमीटर गुणिले पट्ट्याची रुंदी मीटरमध्ये). उत्तर हेक्टरी लिटर. हे ६०० कुठून उपटलं? तासाची ६० मिनिटं, आणि हेक्टरचे १०,००० चौरस मीटर भागिले किलोमीटरचे १,००० मीटर, म्हणजे १०. साठ दाहे सहाशे. एकराचा आकडा हवा तर उत्तराला अडीचनं भागा, थोड्याशा फरकानं काम भागतं.

उलट बाजूची चूकही होते आणि ती जास्त महागात पडते. पेट्रोलवर चालणारा पॉवर पंप कमी पाण्यात एकर उरकतो, म्हणून त्याच्या टाकीत औषधाची मात्रा साध्या पंपाच्या तिप्पट टाका, अशी शिफारस असते. बरोबरच आहे. पण तो तिपटीचा आकडा एकदा डोक्यात बसला आणि बॅटरीच्या पंपातही तसाच ओतला, की औषध तिप्पट, खर्च तिप्पट आणि फवारणाऱ्याच्या अंगावर उडणारं विषही तिप्पट.

अर्ध्या खेळपट्टीचा गुंठा

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची का? २० नाही, २५ नाही? कारण २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, आणि ६६ फूट म्हणजे जमीन मोजायची जुनी इंग्रजी साखळी. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज पाद्रीबुवांनी १६२० मध्ये ती रूढ केली. गुंटरबुवा गणितीही होते. अशा साखळीचे दहा चौरस म्हणजे बरोबर एक एकर.

आता या साखळीची घडी घाला. अर्धी साखळी ३३ फूट. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे अचूक एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर, तोही अचूक, एका चौरस फुटाची तफावत नाही. थोडक्यात, ज्याची बाजू अर्ध्या खेळपट्टीएवढी तो चौकोन गुंठा. गुंठा आपल्याकडे तोंडात कमी, पश्चिम महाराष्ट्रात जास्त. आपल्या सातबाऱ्यावर आर असतो आणि बोलण्यात एकर. पण पंप मोजायला गुंठ्याइतकं सोयीचं माप दुसरं नाही.

करायचं इतकंच. बांधीत ३३ बाय ३३ फुटांचा चौकोन आखा, चार कोपऱ्यांत तुऱ्हाट्या रोवा. पंपात खुणेपर्यंत साधं पाणी भरा आणि नेहमीच्या चालीनं, नेहमीच्या हातानं चौकोन फवारा. कोणी बघतंय म्हणून हळू चालायचं नाही. मग पंप सपाट जागी ठेवून मगानं पुन्हा त्याच खुणेपर्यंत पाणी भरा. जितके लिटर लागले त्याला ४० नं गुणलं की एकराचं पाणी. १६ लिटरचा पंप असेल तर त्याहून सोपं : लागलेले लिटर गुणिले अडीच, आले एकरी पंप. ३ लिटर २०० मिली लागलं? तर आठ पंप. आता डब्यावरची एकरी मात्रा आठात वाटा आणि झाकणाचा हिशेब तुमचा तुम्हीच करा. आठ पंप काढताना खूण आणि मग नीट धरला नाही, अर्धा लिटर इकडेतिकडे झालं, तर एकराला पंपाच्याही वर फरक पडतो. म्हणून दोनदा करून सरासरी घेतलेली बरी.

अमेरिकेतल्या हिरवळवाल्यांची युक्ती तर याहून गमतीची. त्यांच्या गॅलनचे औंस १२८. म्हणून ते एकराचा १२८वा भाग आखतात, साधारण साडेअठरा फुटांचा चौकोन. तो फवारायला किती सेकंद लागले ते बघायचं, मग तितकेच सेकंद नोझलखाली भांडं धरायचं. जितके औंस जमतील तितके एकरी गॅलन. गुणाकार नाही, भागाकार नाही. भांडं कोणतं? औंसाच्या खुणा छापलेली बाळाची दुधाची बाटली. या पद्धतीला तिकडे ‘बेबी बॉटल’ पद्धतच म्हणतात. बाटली पुन्हा पाळण्याकडे जात नाही, हे सांगायला नको.

अंगणातली चाल बांधीत चालत नाही

ही सगळी मोजणी काही हौशी लोक घरापुढच्या सिमेंटवर करतात. ओला पट्टा छान दिसतो म्हणून. पण सिमेंटवर माणूस ताशी चार किलोमीटरनं चालतो आणि पोटरीभर चिखलाच्या बांधीत पाठीवर वीसएक किलो घेऊन त्याच्या निम्म्यानंही नाही. चाल निम्मी तर पाणी दुप्पट. म्हणून मोजणी बांधीतच, चिखलातच, पूर्ण भरलेला पंप पाठीवर घेऊन.

जाता जाता : मीटरभर पट्ट्यानं एक एकर फवारणारा माणूस किती चालतो? चार किलोमीटर. हेक्टर असेल तर दहा. धुऱ्यावर परत येऊन पंप भरण्याच्या खेपा वेगळ्याच.

धान म्हणजे गवतच की

फवारणीच्या मोजमापाचं सगळ्यात जास्त वेड कोणाला असेल, तर गोल्फच्या आणि क्रिकेटच्या मैदानांची राखण करणाऱ्यांना. गोल्फच्या ‘ग्रीन’वरचं गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापतात, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या लांबीपेक्षाही आखूड. त्यावर मात्रा जरा चुकली, तर दुसऱ्या आठवड्यात पिवळा पट्टा उमटतो आणि तो टीव्हीच्या कॅमेऱ्यालाही दिसतो. म्हणून तिथे फवाऱ्यात निळाहिरवा रंग मिसळतात. कुठे पडलं, कुठे राहिलं ते ताबडतोब कळतं आणि रंग उन्हापाण्यानं दोनेक दिवसांत उडून जातो. धानात चूक झाली तर पट्टा दिसत नाही, उतारा घटतो, आणि त्याचा दोष पावसाच्या नावावर जमा होतो.

पण धानवाल्यानं हिरवळवाल्याला परकं मानायचं कारण नाही. धान हे वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीनं गवतच, हिरवळीच्या कुळातलंच. क्रिकेटच्या मैदानांवर ‘बर्म्युडा’ नावानं जे गवत बऱ्याचदा लाडानं वाढवतात, ती आपली हरळी. गणपतीच्या डोक्यावर तिची दूर्वा होते, मैदानावर तिला खतपाणी मिळतं, आणि आंधळगावच्या धुऱ्यावर तीच दिसली की कुदळ निघते. पुढच्या वेळी जामठ्याच्या स्टेडियममधला सामना टीव्हीवर बघाल तेव्हा सीमारेषेपाशी जरा निरखून बघा.

रोगही भाऊबंदच. धानावर करपा आणणारी पायरिक्युलेरिया बुरशी आणि अमेरिकेतल्या गोल्फ मैदानांवरच्या राय गवताला राखाडी ठिपक्यांनी झोपवणारी बुरशी एकाच जातीतली, फक्त वंश वेगळे. तिकडचा लखपती क्लब आणि इकडचा दोन एकरवाला एकाच शत्रूवर नोझल रोखून उभे आहेत.

वरून मारता, तो खाली बसलाय

मोजून फवारलं म्हणजे झालं असंही नाही. कुठे मारलं हेही बघायला हवं. धानाचा तपकिरी तुडतुडा बसतो चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या थोडा वर, सावलीत आणि ओलाव्यात. आपण फवारतो वरून, हिरव्यागार पात्यांवर. पाती न्हाऊन निघतात, तुडतुड्याला खबरही लागत नाही. पंधरवड्यात बांधीच्या मधोमध जळल्यासारखं गोल खळं पडतं. इंग्रजीत या प्रकाराला ‘हॉपर बर्न’ म्हणतात, पण आग लागलेली नसते, रस शोषलेला असतो.

त्यासाठी बांधीतलं पाणी काढायचं, चुडं बाजूला सारायची आणि नोझल खाली बुडाकडे वळवायचं. रोवणीच्या वेळी मधूनमधून फूटभर मोकळा पट्टा सोडला असेल तर हवाही खेळते आणि फवारणाऱ्याला पाय ठेवायला जागाही मिळते. रोवणीच्या दिवशी हा पट्टा डोळ्यांत खुपतो, जागा वाया गेल्यासारखी वाटते. सप्टेंबरात तो पट्टा नसलेल्या बांधीत एकदा शिरून बघावं.

तुडतुडा दिसतो चिमुकला, पण खानदानी प्रवासी आहे. जपानच्या थंडीत तो तग धरत नाही. तरी दर उन्हाळ्यात तिथल्या भातात हजर होतो, कारण चीनकडून वाऱ्यावर स्वार होऊन तो समुद्र ओलांडतो. आणि त्याचा सर्वात मोठा मित्र कोण? अति फवारणी. कोळी आणि तुडतुड्याची अंडी खाणारे ढेकूण औषधानं आधी मरतात, तुडतुडा अंड्यांतून पुन्हा उठतो आणि रान मोकळं सापडतं. इंडोनेशियानं हे अनुभवलं आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं भातावरची ५७ कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली.

आणखी एक अडचण खुद्द धानाच्या पात्यात आहे. कमळाच्या पानासारखंच धानाचं पातं पाणी झटकतं. त्यातही खोच अशी, की थेंब पात्याच्या लांबीच्या दिशेनं सहज घरंगळतो, आडवा जायला कुरकुरतो. म्हणजे पात्यानं थेंबासाठी पन्हळीच करून ठेवलेली. दुकानदार औषधाबरोबर ‘स्टिकर’ची बाटली पुढे सरकवतो, ती दरवेळी नुसती विक्री वाढवण्यासाठी नसते.

पितळेची शान गडव्यात, नोझलात नाही

भंडाऱ्याच्या पितळेच्या भांड्यांचं नाव दूरवर आहे. जुने हातपंपही पितळेचेच असत, घासूनपुसून ठेवले तर दिवाणखान्यात शोभतील असे. पण नोझलचं टोक पितळेचं असेल तर भंडाऱ्याच्या माणसानंही त्याचा फार अभिमान धरू नये. नोझल बनवायच्या नेहमीच्या मालात सगळ्यात लवकर झिजतं ते पितळ. प्लास्टिकही त्याहून टिकतं, स्टेनलेस स्टील आणखी, आणि चिनी मातीच्या जातीचं सिरॅमिक सगळ्यांच्या वर. पाण्यात विरघळणारी म्हणून विकली जाणारी कितीतरी भुकटी औषधं खरं तर पाण्यात तरंगतात. त्यांचे बारीक कण नोझलच्या भोकातून जाताना पॉलिश पेपरचं काम करतात. वर बोडीतलं न गाळलेलं पाणी.

झीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एक नवं नोझल घरात जपून ठेवायचं, वापरायचं नाही. हंगामाच्या सुरुवातीला एक मिनिट नव्यातून, एक मिनिट जुन्यातून मगात पाणी पाडायचं. नव्यातून ९०० मिली आणि जुन्यातून ९९० च्या वर? जुनं फेकायचं. दहा टक्क्यांचा हा नियम जगभर चालतो. नोझलला चहाचे काही कप पडतात, औषधाच्या बाटलीला काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे. तरी लोक बाटली जपतात आणि नोझल वर्षानुवर्षं चालवतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

नोझल तुंबलं की लगेच दोन गोष्टी होतात : कोणी बाभळीचा काटा शोधतो, कोणी तोंडाला लावून फुंकतो. काट्यानं भोक वेडंवाकडं होतं आणि फवारा एका बाजूला पिचकारी मारतो. फुंकण्याबद्दल काय बोलावं? विषाच्या नळीला ओठ लावणं ते. जुना दात घासायचा ब्रश आणि पाणी, एवढ्यात काम होतं. ब्रश मात्र पुन्हा न्हाणीघरात नेऊ नये.

रंग बघा, पण घोटाळा नको

चांगल्या नोझलचा रंग शोभेचा नसतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार रंगावरून पाण्याचा मारा कळतो. ३ बार दाबाला केशरी नोझल मिनिटाला ०.४ लिटर सोडतं, पिवळं ०.८, निळं १.२, लाल १.६. नोझलवर ११००३ असा आकडा कोरलेला दिसला तर पहिले तीन आकडे फवाऱ्याच्या पंख्याचा कोन सांगतात, ११० अंश. शेवटचे दोन मापाचा नंबर, ०३. ०३ म्हणजे निळं.

औषधाच्या डब्यावरही रंगीत त्रिकोण असतो. तिथे लाल सगळ्यात जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. या दोन रंगांचा एकमेकांशी काहीएक संबंध नाही. निळ्या त्रिकोणाला निळं नोझल, असली जुळणी करायला जाऊ नये. जुळणी करायचीच तर ही करा : कीड आणि रोगासाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारं नोझल, तणनाशकासाठी सपाट पंख्यासारखं.

आणि नोझल लहान पडतंय म्हणून दाब वाढवणाऱ्यांसाठी एक कटू सत्य. पाणी दुप्पट पाडायचं तर दाब चौपट करावा लागतो, कारण मारा दाबाच्या वर्गमुळानं वाढतो. दांड्यावर कितीही जोर काढला तरी पाणी थोडंच वाढतं, आणि वाढतो तो धुरळा.

धुरळा, धूर आणि कोसा

थेंबाचा व्यास निम्मा केला तर एका थेंबाचे दोन होतात, असं सहज वाटतं. होतात आठ. तेवढ्याच औषधात जास्त पानं भिजतात, पण बारीक थेंब जमिनीवर यायलाच तयार नसतो. ४०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत दहा फूट खाली यायला दोनेक सेकंद घेतो. १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीचा, दहा सेकंद. २० मायक्रॉनचा चार मिनिटांहून जास्त. आणि ५ मायक्रॉनचा? तासाहून वर. तेवढ्यात झुळूक त्याला कुठल्या कुठे नेऊन ठेवते.

म्हणून फवारताना मंद वारा हवा, आडवा हवा, आणि वाऱ्याच्या उगमाकडे सरकत जायचं, म्हणजे धुरळा आपल्या मागे पडतो. अजिबात वारा नसलेली पहाट उत्तम, असं वाटतं खरं. पण गावातल्या चुलींचा धूर सरळ वर न जाता छपरांवर आडवा पसरून बसलेला दिसला, तर पंप घरी ठेवा. खाली थंड आणि वर गरम हवा असली की बारीक थेंबही तसेच लटकत राहतात आणि भलतीकडे जाऊन उतरतात.

भलतीकडे म्हणजे कुठे? आंधळगावच्या मागावर जो कोशाचा धागा चढतो, तो ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचा. पूर्व विदर्भाच्या जंगलांत ढीवर समाजातली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या ती जोपासत आली आहेत. ही अळी घरात ट्रेमध्ये वाढत नाही, उघड्यावर झाडावरच वाढते, आणि कीटकनाशकाला धानाचा खोडकिडा आणि कोशाची अळी यांत फरक कळत नाही. दोघीही पतंगांच्याच जाती. एका बांधीतून उडालेला धुरळा पलीकडच्या ऐनावर उतरला, तर करवतकाठी साडीचा धागा झाडावरच संपतो. कापड विणणारं गाव आणि धान पिकवणारं गाव एकच असलं की थेंबाच्या आकाराला असा भाव येतो.

थेंब पडले की नाही ते बघायला एक पिवळा कागद मिळतो. पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा ठिपका उमटतो. चुडाच्या बुडाशी चिमट्यानं लावून फवारायचं आणि ठिपके मोजायचे. कीटकनाशकाला चौरस सेंटिमीटरमागे २० ते ३० ठिपके पुरतात. कागद पूर्ण निळा झाला म्हणजे शाबासकी नाही, औषध पानावरून ओघळून मातीत गेलं.

जिथे चटपटीत काही नाही

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, दमट उकाडा होता, दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती, अंगावर साधा सदरा होता आणि फवारा तोंडासमोर उडत होता. धान कमरेखाली असतो म्हणून धानवाला सुरक्षित, असं मुळीच नाही. गळका पंप पाठीवर असला की औषध सदऱ्यातून पाठीत मुरतं. साध्या पाण्यानं पंप मोजताना एक फायदा फुकटात होतो : पाठ ओली झाली का ते औषध भरायच्या आधीच कळतं.

द्राक्षचोरांची देणगी

पाठीवरच्या पंपाचं मूळ गाव कोणतं? मोठं श्रेय फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांना. बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरू तोडून न्यायचे. म्हणून मळेवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचा हिरवानिळा किळसवाणा लेप शिंपडायला सुरुवात केली. पिएर मिलार्डे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की चोरांसाठी रंगवलेल्या वेलींवर केवडा रोग येत नाही आणि आतल्या स्वच्छ वेली मरतात. १८८५ मध्ये त्यानं हे जगाला सांगितलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. आजही विदर्भातल्या संत्र्याच्या खोडाला डिंक्यासाठी बोर्डो पेस्ट लावतात. आधी हे मिश्रण खराट्यानं शिंपडत. कोणावर किती पडलं याचा पत्ताच नसे. मग व्हिक्टर व्हर्मोरेल या फ्रेंच कारखानदारानं पाठीवरचा पंप विकायला काढला, त्याचं नाव ‘एक्लेर’, म्हणजे वीज.

आपल्याकडच्या जुन्या पंपांवर ‘आस्पी’ नाव दिसतं. ते अमेरिकन स्प्रिंग अँड प्रेसिंग वर्क्स या नावाच्या आद्याक्षरांवरून आलं. कंपनी मात्र मुंबईतल्या मालाडची.

आता वरून

केंद्र सरकारच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं. ड्रोन साधारण दहा लिटर पाण्यात एकर उरकतो, तोही काही मिनिटांत. चिखल नाही, साप नाही, पाठदुखी नाही. पंख्यांच्या खालच्या झोतानं पाती हलतात आणि थोडं औषध आतही शिरतं.

पण हिशेब करा. एकरी औषध तेवढंच, पाणी २०० ऐवजी १०. म्हणजे ड्रोनमधला प्रत्येक थेंब पाठीवरच्या पंपातल्या थेंबापेक्षा वीसपट जहाल, आणि तो सोडला जातो माणसाच्या डोक्यावरून. नोझलची झीज, वाऱ्याची दिशा, उडण्याची उंची, सगळ्याचं मोल इथे वीसपट. त्यामुळे बोडी, विहीर, वस्ती आणि ऐनाची झाडं यांच्यापासून त्यानं लांबच राहायचं. शिवाय उडवण्याआधी ग्रामपंचायतीला कळवायचं, असं सरकारी नियमावलीत आहे. पाठीवरच्या पंपाला इतक्या वर्षांत कधी लागली नाही ती दवंडी ड्रोनला लागते.